राखून ठेवलेली नवखी

आमचा धाकटा भाऊ कॉलेजात फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकवतो, म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम लिहायचा एक पंथ. त्या पंथात सोवळं फार. एकदा ठरलेली किंमत मध्येच बदलायची नाही, तेच आकडे दिले की दर वेळी तेच उत्तर मिळालं पाहिजे. वर्गातली मुलं त्याला पाठीमागे सोवळेसर म्हणतात, आणि हे आपल्याला माहीत नाही असं तो दाखवतो.

त्याचं दुखणं एकच. गणितं मुलं पहिल्या दिवशी करतात, पण पडद्यावर एक साधं बटण आणायचं म्हटलं की दोन आठवडे तत्त्वज्ञान! बटण दाबलं की काहीतरी बदलणार, आणि इथे तर बदलायलाच बंदी. तोवर निम्मा वर्ग पळालेला असतो. म्हणून खिडक्या आणि बटणं काढायचं जे टूलकिट असतं, ते त्याने नवशिक्यांसाठी सोपं करायला घेतलं. त्याला आता नऊ वर्षं झाली. सोपं करणं इतकं अवघड असतं, हे मला त्याच्या घरात राहून कळलं.

अडचण अशी, की सोपं झालं का हे नवख्यालाच विचारावं लागतं, आणि नवखा माणूस एकदाच वापरता येतो. पहिला बळी भावजय. तिसऱ्या बैठकीला तिला सगळं कळलं आणि कंटाळाही आला, म्हणून ती बाद. मग घरमालक बाद. समोरचा दातांचा डॉक्टरही बाद. तो तर दाढ उपटताना पेशंटला फंक्शन समजावतो म्हणे. उरले मी, थोरली बहीण, हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेली. मला त्याने राखून ठेवलं. जेवताना विषय काढायचा असला की, “ताई, तू जरा आत जा. कानावर काही पडायला नको.” मग भावजय जांभया देत ऐकायची आणि मी ताट उचलून आत. माझ्या अज्ञानाला घरात केवढा तो मान!

यंदा प्राचार्यांनी निर्वाणीचं सांगितलं. अगदी कोऱ्या माणसाने नुसती पुस्तिका वाचून, अर्ध्या तासात, दाबलं की आकडा एकाने वाढेल असं बटण करून दाखवावं. नाहीतर पुढच्या सत्रापासून वर्ग बंद. धाकट्याचा चेहरा उतरला, मग माझ्याकडे बघून खुलला. 

प्रयोगशाळेत मला संगणकापुढे बसवलं. धाकटा, पन्नाशीचा बाप्या, खिडकीशी उभा राहून नखं खात होता. मी पानं उलटली, टाइप केलं, दोनदा चष्मा पुसला, एकदा “अगंबाई” सुद्धा म्हटलं. एकोणिसाव्या मिनिटाला बटण आलं. दाबलं, एक. पुन्हा दाबलं, दोन. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वर्ग वाचला.

घरी आल्यावर मात्र त्याने पुस्तिका उघडून माझ्यासमोर ठेवली.

“ताई, आकडा शून्यापासून सुरू करायचा, हे आधी सांगावं लागतं. ते मी तिसऱ्या पानावर लिहायलाच विसरलोय. नवखा माणूस तिथेच अडकला असता. तू ते शून्य कुठून आणलंस?”

झालं! खरं सांगून टाकलं. नोकरीत असताना, रेकॉर्ड रूममध्ये जेवणाच्या सुट्टीत, टूलकिटची ती जुनी, अवघड पुस्तिका वाचून शिकले. मला आत पाठवून असं काय बोलतात, या रागाने सुरुवात केली, मग आवडायलाच लागलं. तिथले कारकून अजून मी केलेल्या पडद्यावरच्या खिडकीत फाइली शोधतात.

“म्हणजे परीक्षा खोटी,” तो म्हणाला. “उद्या प्राचार्यांना सांगायला हवं.”

“सांग की. आणि त्यांनाच बसव. इतकी वर्षं संस्था चालवतायत, त्यांच्याइतकं कोरं दुसरं कुणी मिळायचं नाही.”

तो हसला नाही. “नऊ वर्षं मी बायकोच्या जांभयांशी बोलत होतो गं. एका शब्दाने सांगायचं नाहीस?”

“सांगितलं असतं तर मीही बाद झाले असते.” मी म्हटलं. “राखून ठेवलं होतंस, तेवढं तरी या घरात माझं होतं.”

 मग त्याने शेजारची खुर्ची ओढली आणि तिसरं पान माझ्यापुढे सरकवलं.

“बस इथे,” म्हणाला. “हे तू लिही.”