लतीफभाईंचा शेरा

काचेच्या बरणीतला, वर्षानुवर्षे न कुजणारा बेडूक तुम्ही कॉलेजात पाहिला असेल. पण ती बरणी भरणाऱ्या माणसाच्या छातीत काय जातं, हे कधी विचारलंत का?

वऱ्हाडी मुलखातल्या मालेगावच्या आमच्या कॉलेजात ती लतीफभाई भरत. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे ते परिचर, तेही करारावरचे. दर वर्षी नवी ऑर्डर. बरण्यांतलं फॉर्मलिन उडून कमी झालं की ते बरण्या व्हरांड्यात काढत. आधी चिमूटभर माती हवेत सोडून वारा पाहत, मग वाऱ्याकडे पाठ करून ओतत. हातमोजे स्वतः विकत आणलेले. "बापानं तूर उपणाले शिकवलं, तसंच हाय हे," म्हणत. "भुसा तोंडावर घेतला तं खोकला येते. हे घेतलं तं फेफडंच जाते."

शिकवणं त्यांचं काम नव्हतं, तरी शिकवत. इंझोरीची एक मुलगी झाकण काढून वास घ्यायला वाकली, तर ते खेकसले, "ए बाई, अत्तराचं दुकान हाय काय हे?" ॲसिड पातळ करताना त्यांचं ठरलेलं वाक्य असे: "पाणी म्हणजे घर, ॲसिड म्हणजे पाहुणा. पाहुणा घरात येते, हळूहळू. घर उचलून पाहुण्याच्या डोक्यावर टाकलं तं तो भडकनच ना!" पुस्तकातला नियम मी विसरलो असतो. हा विसरलो नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना तपासणी समिती येणार होती. घाईघाईने भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवला. पाती चकचकीत, मागे वायरच नाही. विभागप्रमुखांनी नोंदवही पुढे केली. 'चालू स्थितीत' असं लिहून परिचराने सही करायची होती.

"लतीफभाई, एका सहीनं काय होते? समिती गेली की जोडू वायर."

"मंग सहीबी तवाच करतो, सर."

"तुमची ऑर्डर जूनमध्ये निघते, माहीत हाय ना?"

"माहीत हाय. अन् पोट्टे इथं रोज श्वास घेतेत, हेबी माहीत हाय."

त्यांनी लिहिलं, 'पंखा आहे. वायर नाही.' खाली पूर्ण नाव.

ती वही समितीसमोर आलीच नाही. एका सदस्याने आम्हालाच विचारलं, "पंखा चालतो का?" प्रात्यक्षिकाचे गुण सरांच्या हातात होते. "हो," मी म्हणालो. बाकीच्यांनी माना डोलावल्या. लतीफभाई कोपऱ्यात बरण्या पुसत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

जूनमध्ये त्यांची ऑर्डर निघाली नाही.

पुढे ते शेलूबाजारला भेटले, एका दुकानासमोर फवारणीचे पंप दुरुस्त करत. मी माफी मागितली. त्यांनी हातातला पाना खाली ठेवलाही नाही.

"मले काहून मागतं? मी तं आता मोकळ्या हवेत हाव. जे पोट्टे आत हायेत, त्याईले माग."

म्हणून हे लिहितो आहे. तुमचं मूल, भाऊ, बहीण जिथे शिकते, त्या प्रयोगशाळेत एकदा जा. पंख्याची कळ स्वतः दाबा. पंखा फिरला नाही, तर तसं नोंदवहीत लिहा आणि खाली आपलं पूर्ण नाव घाला. ती सही करारावरच्या माणसाला एकट्याने करू देऊ नका.