डाव्या अंगठ्याचं बटण

मला याद्या करायची सवय आहे. वसतिगृहाचं कोठार सांभाळणाऱ्या बाईला ती असावीच लागते. नवऱ्याला लकवा झाला, डावी बाजू गेली, तेव्हाही दवाखान्यातून घरी आल्याबरोबर मी यादीच केली. पलंगाला कठडा, न्हाणीत आधाराला पाईप, मऊ चेंडू. पाय हळूहळू टेकायला लागला. जीभ शाबूतच होती. हात मात्र मांडीवर ठेवला की ठेवल्या जागी पडून राहायचा.

ते जाफराबादहून भोकरदनला जीप चालवायचे. जीपचा गिअर डाव्या हातानंच पडतो. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हाताचं जे परत यायचं, ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच येतं. अंगठा थोडा हलतोय. त्याला काम द्या." चेंडू मी आणला. त्यांनी तो उजव्या हातानं गल्लीतल्या कुत्र्याकडं भिरकावला.

"मी काय लेकरू हाये का चेंडू खेळायला?"

"मंग काय खेळता?"

विचारलं आणि माझं मलाच आठवलं. सीटा भरेपर्यंत ते स्टँडवर जीपमध्ये बसून हातात मावणाऱ्या व्हिडिओ गेमच्या डबीवर विटा रचायचा खेळ खेळायचे. मागून प्रवासी ओरडायचे, गाडी काढा. हे म्हणायचे, ही ओळ भरू द्या.

ती जुनी डबी कधीच मोडली होती. नवी आणली तर बटणं घट्ट. अंगठा त्यावर ठेवला की घसरून खाली यायचा. मोबाइल दिला तर एका उजव्या हातावरच भागायचं. तोवर डाव्या हाताची मूठ आवळायला लागली होती. नखं कापताना एकेक बोट उलगडावं लागायचं आणि सोडलं की ते परत मिटायचं. महिने सरत होते. म्हणून ठरवलं, मोठ्या, मऊ बटणांची डबी आपणच बनवायची. मोबाइलवर बघून लोक बनवतात, तर मी का नाही.

छोटा पडदा, बॅटरी, मोठी मऊ बटणं आणि खेळ भरून मिळणारा बोर्ड पार्सलनं मागवला. बारीक टोकाची सोल्डरिंग गन, सोल्डरची तार, पेस्ट, चिमटा, कटर असं सगळं आणलं. डबी म्हणून मोठी साबणदाणी घेतली. राहिली वायर. मी पलंगाशेजारी बसून वायरीचं वाचत होते, तर हे आपणहून बोलले.

"वायर जाड घे. एका तारेची. बारीक वायर जळती."

"छोटी डबी हाये हो."

"छोटी असू दे न्हाई तर मोठी. जीपची असो का मोटरीची, वायर जाडच पाहिजे. खर्चा एकदाच होतो."

कितीतरी दिवसांनी त्यांनी कशात तरी लक्ष घातलं होतं. मी काही तपासलं नाही. पंपाच्या सामानाच्या दुकानातून त्यांनी सांगितली तशीच, जाड, एका तारेची वायर आणली. सोल्डरचे डाग देताना बोटं भाजली, पण पडद्यावर विटा पडायला लागल्या. झाकण लावायला गेले, तेव्हा ती वायर वाकेना. जोर लावला. आत कट्‌ आवाज झाला आणि पडदा विझला. उघडून बघते तर ताठ वायरीनं बोर्डावरच्या तांब्याच्या टिकल्या डागासकट उचकटून काढल्या होत्या. त्या परत चिकटत नाहीत. बोर्ड गेला.

मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडले. बोर्डाचं नव्हतं मला काही. दुसरा यायला वेळ लागणार होता, आणि वेळच नव्हता.

"झाली का डबी?" बाहेरून आवाज आला.

"बोर्ड खराब निघाला," मी म्हणाले. वायरीचं बोलले नाही. बोलले असते तर ते परत भिंतीकडं तोंड करून झोपले असते.

दुसरा बोर्ड मागवला. सुट्टी टाकली, एसटीनं जालन्याला गेले. रेडिओ-टीव्हीच्या सुट्या भागांच्या दुकानात बारीक तारांची, नरम वायर मागितली. बोटाला गुंडाळून बघितली. दोऱ्यासारखी वळत होती. तीच घेतली.

या वेळी झाकण अलगद बसलं. डबी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मांडीवर टेकवली आणि खेळायला लागले. उजवीकडची बटणं उजव्या हातानं, डावीकडचीही उजव्याच हातानं. हात इकडून तिकडं असा सफाईनं फिरत होता की बघत राहावं. डावा हात बाजूला पडून.

"बराबर चालून राह्यली," ते खुशीत म्हणाले. "एका हातानंबी जमतं बघ."

मी त्यांच्या हातातून डबी काढून घेतली. कटर घेतला आणि त्यांच्यासमोरच बॅटरीची वायर तोडली.

"अगं, येडी झालीस का?"

तोडलेल्या वायरीत मी एक मोठं बटण जोडलं आणि ते डाव्या बाजूला, जिथं अंगठा येतो तिथं बसवलं. "हे दाबून धरलं तर डबी चालू. सोडलं की बंद."

"अन् उजव्या हातानं धरलं तर?"

"मंग खेळायचं कशानं?"

"तुझ्या वसतिगृहातल्या पोरींची दया येती मला," ते म्हणाले.

दोन दिवस डबी खिडकीत पडून होती. तिसऱ्या दिवशी कामावरून आले, तर हे मजेत विटा रचत होते. जवळ गेले. बटणावर रबर ताणून बसवलं होतं. मी ते काढलं आणि घरात होती नव्हती तेवढी रबरं चुलीत घातली.

मग उजव्या हातानं त्यांनी डावा हात उचलला, प्रवाशाचं गाठोडं टपावर ठेवावं तसा डबीवर ठेवला, आणि अंगठा बटणावर आणून सोडला. मी पडद्याकडंच बघत होते. त्यांच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती.

पडदा उजळला. वरून पहिली वीट सुटली. ती खाली पोचायच्या आत अंधार झाला.

"बॅटरी उतरली वाटतं," ते म्हणाले.

"बॅटरी भरलेली हाये."

खाली घसरलेला हात त्यांनी परत उचलला.