शेठजींचं वहाण

आमच्या घरात एक नियम आहे. 'वहाण' हा शब्द काढायचा नाही. चप्पल म्हणा, सँडल म्हणा, कोल्हापूरकडे म्हणतात तसं पायताण म्हणा. वहाण म्हटलं की आमची सुनंदा तोंडाला पदर लावते, पाहुणे विचारतात काय झालं, आणि मग माझ्या शहाणपणाची ही कथा मलाच सांगावी लागते. आता तुम्ही विचारलंतच, तर चहा घ्या आणि ऐका.

मी मूळचा कोल्हापूरचा, चौगुले. खुल्या धोरणाचं वारं नुकतंच सुटलं होतं, बडोद्याच्या मकरपुऱ्यात नवेनवे कारखाने उभे राहत होते. त्यातल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात, कांतिभाई शेठकडे, मी खरेदी खात्यात लागलो. पण प्रोबेशनवर. लग्न नुकतंच झालेलं आणि बायको, सुनंदा, माहेरी. सासऱ्यांनी निक्षून सांगितलं होतं, "जावईबापू, आधी कायम व्हा. मग पोरगी नांदायला धाडतो." म्हणजे माझा संसार कांतिभाईंच्या एका सहीवर अडकलेला. त्यांनी उजवीकडे बघ म्हटलं की मी सगळाच्या सगळा उजवीकडे वळायचो.

गुजराती मला येत नव्हती, पण येते असं मला वाटायला लागलं होतं. हे फार वाईट. अजिबात न येणारा माणूस निदान विचारतो तरी. 'गोठवी नाखो' म्हणजे बर्फात ठेवा नव्हे, जमवून टाका, एवढं मला कळलं होतं, आणि त्या भांडवलावर मी स्वतःला निम्मा गुजराती समजत होतो.

दिवाळीच्या सुट्ट्यांआधी महिनाभर शेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"चोगलेभाई, तमे तो मराठी. मुंबई तो तमारुं गाम."

कोल्हापूर कुठे, मुंबई कुठे. मुंबई मी दोनदा पाहिली होती, तीही मुलाखतीला जाताना. पण प्रोबेशनवरच्या माणसाने मुंबई आपली नाही असं म्हणू नये. मी मान हलवली.

"दिवाळीनी रजामां, गुरुवारे, मुंबईथी वहाण लेवानुं छे," शेठजी म्हणाले. "ए पहेलां बे दिवस मुंबई फरवुं छे. हंसा पण जोडे छे. बधुं तमे गोठवी नाखो."

आता मला सांगा, तुम्ही काय समजला असता? वहाण म्हणजे वहाण. 'पायीची वहाण पायी बरी' हे शाळेत घोकलेलं. लेवानुं म्हणजे घ्यायची, एवढं येत होतं. वर जोडे. म्हणजे शेठजींना वहाण घ्यायची आहे, हंसाबेन शेठाणींना जोडे घ्यायचे आहेत, आणि त्यासाठी बिचारे दोन दिवस मुंबईची दुकानं पालथी घालणार. बडोद्यात कोल्हापूर म्हटलं की प्रत्येक माणूस मला चपलाच मागायचा. शेवटी शेठजीही माणूसच, असं मी मनात म्हटलं.

"केवी वहाण, शेठजी?"

"मोटुं जोईए. नानामां मने नथी फावतुं."

बरोबर आहे. लहान मापाची कुणाला फावते?

"शेठाणीने लागे?" मी विचारलं. नवी कोल्हापुरी अंगठ्याला चावते, तसं.

"बहु लागे," शेठजींचा चेहरा पडला. "पहेला दिवसे तो बहु ज. पछी आदत पडी जाय. कंई दवा छे?"

"छे ने! आदल्या रात्री कोपरेल तेल. अंगूठाने चोपडवानुं."

"एनाथी वहाण ना लागे?"

"बिलकुल ना लागे. अमारे गामे बधा एम ज करे."

"हा, तमे तो दरियाबाजूना लोक," शेठजी समाधानाने म्हणाले. कोल्हापुरात समुद्र नाही, पंचगंगा आहे. पण ज्याच्या सहीवर संसार लटकलाय त्याच्याशी भूगोलावर वाद कोण घालणार?

बाहेर आलो तो एक झकास कल्पना घेऊनच. कोल्हापूरचा माणूस इथे बसलेला असताना शेठजींनी मुंबईचा हेलपाटा का घालावा? मुंबई रद्द. वहाण थेट घरपोच. कायम होण्याची याहून मोठी संधी आयुष्यात येणार नव्हती.

राहायला मी दांडिया बाजारात प्रधानकाकूंकडे होतो. काकूंचे आजेसासरे संस्थानात कारभारी, त्यामुळे काकू अजूनही कारभारी असल्यासारख्या बोलत. रात्री जेवताना मी सहज म्हणालो, "काकू, आमच्या शेठना वहाण पाहिजे."

"अगोबाई," काकूंचा डाव हवेत थांबला. "स्वतःचं?"

"स्वतःचीच. आणि शेठाणींना वेगळी."

"दोन दोन वहाणं? एकाच वहाणात भागत नाही का दोघांचं?"

"कसं भागेल काकू? मापं वेगळी."

"मोठ्यांचं सगळंच मोठं बाई," म्हणून काकूंनी मला वरण वाढलं. बडोद्याच्या मराठीत वहाण नपुंसकलिंगी असते, अशी मी मनात नोंद केली. काकूंच्या मराठीची मला थोडी कीवही आली.

दुसऱ्या दिवशी एसटीडी बूथवरून सासऱ्यांना फोन लावला. कोल्हापुरात त्यांचा चपला करायचाच धंदा.

"वहाणा व्हय? आवं, मग आधी न्हाई का सांगायचं? तुमचं शेठ म्हंजी आपल्या घरची माणसं. माप धाडा, पंधरवड्यात देतो करून."

माप आणायचं कुठून? शेठाणी एकदा पूजेला कारखान्यात आल्या, तेव्हा त्यांच्या चपलेवर कागद दाबून घेतला. शेठजी केबिनमध्ये देवाचा फोटो असल्यामुळे जोडी दाराबाहेर काढत. जेवणाच्या सुट्टीत मी तिथे गुडघ्यांवर बसलो, त्यांच्या चपलेखाली कागद सरकवला आणि पेन्सिल फिरवायला लागलो. तेवढ्यात दार उघडलं.

मी खाली. शेठजी वर. माझं डोकं त्यांच्या चपलेपासून वीतभर अंतरावर.

"चोगलेभाई," शेठजींनी हात जोडले, "आटलो बधो भाव?"

 खरं सांगितलं तर भेटीची गंमत जाईल आणि खोटं सांगावं तर सुचत नव्हतं. मग सरळ नमस्कारच केला. संध्याकाळपर्यंत साऱ्या कारखान्यात बातमी, की कोल्हापूरवाला शेठजींच्या पादुका पूजतो. माझ्याबरोबर लागलेले दोघेजण दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी बोलेनासे झाले.

दिवाळीच्या सुट्टीत, सोमवारी संध्याकाळी शेठजींनी कारेलीबागेत बंगल्यावर बोलावलं. मी नवा शर्ट घालून, कोल्हापूरहून आलेला खोका काखेत मारून गेलो. ओटीवर दोन मोठ्या बॅगा, फराळाचे डबे, पाण्याची बाटली. हंसाबेन शेठाणी नव्या साडीत. मला वाटलं, कुणी पाहुणे आले असतील.

"आवो, आवो. टिकिट लाव्या?"

"टिकिटनी जरूर नथी, शेठजी," मी विजयाने म्हणालो. "मुंबई जवानी ज जरूर नथी." आणि खोका उघडून त्यांच्यापुढे धरला.

सासऱ्यांनी काम सुरेख केलं होतं. लाल गोंडे, बारीक वेणी, कातड्याचा असा वास की दिवाणखाना भरून गेला. कट्टर वैष्णवाचा दिवाणखाना. शेठाणी दोन पावलं मागे सरल्या.

"आ शुं छे?"

"वहाण, शेठजी."

शेठजींनी बराच वेळ खोक्यात पाहिलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा खोक्यात.

"आमां बेसीने मारे गोवा जवानुं?"

गोवा शब्द कानावर पडला आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली. "शेठजी... वहाण एटले... बोट?"

"तो तमारामां वहाण एटले शुं?"

"आमच्यात," मी कसाबसा म्हणालो, "पायात घालतात."

मग सगळा उलगडा झाला. परदेशातल्या मुलाने आईवडिलांना क्रूझची तिकिटं धाडली होती. मुंबईहून गुरुवारी निघायचं, गोव्याला जाऊन यायचं. शेठजी घोघा बंदराकडचे, त्यांच्या लेखी पाण्यावर तरंगतं ते सगळं वहाण. आणि जोडे म्हणजे बरोबर, सोबत. लागणं म्हणजे बोट लागणं; पण तेल अंगठा सोलू नये म्हणून सांगितलं होतं, हे कबूल करायचा धीर मला झाला नाही. गाडीची तिकिटं आणि दोन दिवसांचं मुंबईतलं हॉटेल मी बघायचं होतं. मी काय बघितलं होतं? लाल गोंडे. दिवाळीची गर्दी, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, मुंबईत खोली नाही. फोन करकरून शेठजी थकले. शेवटी बुधवारी रात्री कंपनीच्या मोटारीने थेट बंदरावर जायचं ठरलं.

 डोळ्यांपुढे सुनंदा दिसत होती, तीही सासऱ्यांच्या मागे उभी.

"तो हवे बे दिवस शुं करवानुं?" शेठजी गरजले.

उत्तर दिलं शेठाणींनी. तोंडावर पदर होता, पण हसू लपत नव्हतं. "शहर बताववानुं काम चोगलेभाईनुं हतुं ने? तो बतावे. वडोदरा बतावे. परणीने आवी त्यारथी में शुं जोयुं छे? मंदिर ने शाकमार्केट."

शेठजींना मान हलवावीच लागली. कारण ते खरं होतं. त्यांनी तरी काय पाहिलं होतं? मकरपुरा आणि कारेलीबाग.

आणि दाखवणारा कोण, तर मी. मकरपुरा आणि दांडिया बाजार. रात्री काकूंच्या पायाशी बसून मी सगळं शहर पाठ केलं. काकूंना आधी वहाणाचं सांगावं लागलं. त्या एवढ्या हसल्या की राजवाड्याची माहिती अर्धीच मिळाली.

मंगळवारी आम्ही राजवाडा बाहेरून पाहिला, मांडवी पाहिली, शेव-उसळ खाल्ली. बुधवारी कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा बघून शेठाणी म्हणाल्या, "दरियामां आवुं होय?" आणि गोव्याचा बेत डळमळायला लागला. तो सावरावा म्हणून मी त्यांना सुरसागर तळ्यावर नेलं. म्हटलं, पायाने चालवायच्या बोटीत बसून आधी सराव करा.

शेठजींनी खिशातून खोबरेलाची बाटली काढली. काठावर बसून त्यांनी स्वतःच्या हाताने बायकोच्या अंगठ्याला तेल चोळलं. शेठाणी लाजून लाल झाल्या. मग दोघं बोटीत बसली, पायडल मारत तळ्याच्या मध्यावर गेली आणि बराच वेळ तिथेच गोल गोल फिरत राहिली. आणि मी? मी काठावर उन्हात उभा होतो, त्यांच्या वहाणा हातात घेऊन. तेलाने खराब होऊ नयेत म्हणून काढून दिल्या होत्या. त्यांचं वहाण पाण्यात, त्यांच्या वहाणा माझ्या हातात, आणि माझी नोकरी कुठे ते देवाला ठाऊक.

ती दोघं गेली. तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. अन्न गोड लागेना. सुनंदाचा फोन आला तरी बूथवाल्याला सांगायचो, नाही म्हणून सांग.

शेठजी परत आले ते थेट माझ्या टेबलाशी. "चोगलेभाई, तमारुं तेल चमत्कारी. हंसाने वहाण लाग्युं ज नहि." मग जरा खाली वाकून म्हणाले, "ए कहे छे, गोवा तो ठीक. सुरसागर फरी क्यारे?" पुन्हा कधी, म्हणून.

त्या महिन्यात मी कायम झालो आणि सुनंदा बडोद्याला आली. कातड्याच्या त्या जोड्या दोघांनी घातल्या नाहीत, पण टाकल्याही नाहीत. दृष्ट लागू नये म्हणून कारखान्याच्या फाटकावर टांगल्या. आणि पुढे कित्येक वर्षं कारेलीबागेतलं जे कुणी क्रूझला निघे, ते आधी मला विचारायला येई, की तेल उजव्या अंगठ्याला की डाव्या. मी गंभीरपणे सांगायचो, दोन्ही. स्वतः मी अजून क्रूझची बोट पाहिलेली नव्हती.

किस्सा इथे संपला असता तर बरं झालं असतं.

पुढे मुलगी नोकरीला लागली आणि तिने आमच्यासाठी क्रूझ काढली. आधी दोन दिवस मुंबईही बघा म्हणाली. सुनंदाच्या मनात आलं, भाऊ-भावजयीलाही मुंबईला बोलवावं, माहेरचं कुणी किती वर्षांत निवांत भेटलं नाही. मी कोल्हापूरला मेव्हण्याला, संभाला, फोन लावला; सासऱ्यांचा धंदा आता तोच बघायचा. वहाण हा शब्द चुकूनही येऊ द्यायचा नाही, एवढी खूणगाठ बांधली होती. क्रूझ म्हणालो, स्वच्छ क्रूझ.

"आणि संभा, त्याआधी दोन दिवस मुंबई फिरायची आहे. जोडे पाहिजेच बरं का. जोडे नसेल तर तुझ्या बहिणीला मजा नाही यायची."

"दोघांचं व्हय, दाजी?"

"अरे, दोघं. विचारतोस काय?"

"मंगळवारी सकाळी हाटेलात हजर समजा."

मंगळवारी सकाळपासून आम्ही हॉटेलच्या खाली बसून. सुनंदा दर मोटारीला उठून बघत होती. दुपारी कुरिअरवाला आला, दोन खोके ठेवून, सही घेऊन गेला. वास मी लगेच ओळखला. लाल गोंडे.

पाठोपाठ संभाचा फोन. "दाजी, जोडे पोचले न्हवं? मापात बसले का?"

इतकी वर्षं बडोद्यात राहून मी 'जोडे' गुजरातीत म्हणालो होतो, आणि माझं मलाच कळलं नव्हतं. सुनंदाने तोंडाला पदर लावला होता, पण या वेळी डोळ्यांत पाणीही होतं. मला मनापासून वाईट वाटलं.

"बसले," मी म्हणालो.

"पहिल्या दिशी जरा लागतील बघा. राच्च्याला आंगठ्याला खोबरेल लावा."

लावलं. सुनंदाने मुद्दाम नाही लावलं, ती सारी क्रूझ डेकवर मजेत हिंडली. मी मात्र परत येईपर्यंत केबिनमध्ये आडवा होतो, बादली उशाशी, दोन्ही अंगठ्यांना तेल.