पॉलिशवाल्याची शपथ

माझा धाकटा भाऊ पॉलिश करतो. लाकडाला. माणसांना मस्का लावणं त्याला आजवर जमलेलं नाही. स्पिरिटात लाख भिजत घालायची, ती विरघळली की कापसाचा बोळा सुती फडक्यात बांधून त्यात बुडवायचा आणि लाकडावर हात मारत राहायचं, एकावर एक, इतके पातळ की थर दिसू नयेत. लोकांनी भंगारात काढलेलं कपाट तो असं करून देतो की तेच लोक मग पाहुण्यांना हाताला धरून दाखवत सुटतात.

दारू सोडलेला माणूस दिवसभर स्पिरिटात हात घालून बसतो म्हटल्यावर लोकांना आयताच विषय मिळाला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, म्हणायचे. तो शांतपणे सांगायचा की ते स्पिरिट म्हणजे विष, पिणारा आंधळा होतो नाहीतर मरतो. मी दारुडा होतो, खुळा नव्हतो.

दारुडा मात्र होता. त्यात मी काही झाकून ठेवणार नाही. आणि शपथा तर चण्याफुटाण्यासारख्या वाटायचा. आईची, पोरीची, माझी, बायकोची. मी वीजबिलांच्या तक्रारींच्या खिडकीवर बसते. काचेपलीकडून लोक दिवसभर माझ्याशी खोटं बोलतात, त्यामुळे माझे कान तयार आहेत. भाऊ खोटं बोलायला लागला की आधी चिडायचा. आवाज चढला की समजायचं, पोटात गेलेली आहे.

सोडली ती कशामुळे, हे त्याने कधी सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. सुटली ना, बास. पण कशी टिकवली ते मी डोळ्यांनी पाहिलं. एका पायावर टेबल उभं राहत नाही, असं तो म्हणायचा, आणि हा बाबा खरोखरच पाय गोळा करत फिरला. सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीच्या मॅडम होत्या. झोप येत नाही, हात थरथरतात, उगाच राग येतो, असलं सगळं त्यांच्याकडे न्यायचं. शाळेच्या रिकाम्या वर्गात सोडलेल्यांची मीटिंग भरायची. तिथे त्याला टेलरमास्तर भेटले. म्हातारा माणूस, दारू सोडून जमाना झालेला. तल्लफ आली की मास्तरांना फोन, मग कापड मशीनवर तसंच सोडून मास्तर बोलत बसणार. कामावरचा जोडीदार सुतार. त्याने तर घरी जायचा रस्ताच बदलला, गुत्ता वाटेत लागू नये म्हणून दोघं लांबचा वळसा घालून यायचे. घरी बायको. आणि मी? मी म्हणजे डुगडुगणाऱ्या पायाखाली घालतात ती पुठ्ठ्याची घडी, असं तोच मला चिडवायचा.

दीडेक वर्ष असं गेलं. हळूहळू एक गोष्ट त्याने परत मिळवली, जी त्याच्याकडे कधीच नव्हती म्हटलं तरी चालेल. तो 'नाही घेतली' म्हणाला की लोक मान डोलवायचे. घरात, कामावर, मीटिंगमध्ये. दुसरी कमाई त्याची काय होती? काही नाही. एवढा एक शब्द होता.

मग ते मोठ्या बंगल्यातलं काम आलं. आतल्या खोलीत भिंतभर पुस्तकांची कपाटं. पॉलिश ओलं असताना धूळ बसली की सगळं मुसळ केरात, म्हणून शेवटचा हात मारताना खिडक्या बंद ठेवतात. बाहेर रस्त्याचं काम चाललं होतं, माती उडत होती. तेव्हा त्याने खिडक्या तर लावल्याच, दाराच्या फटीलाही ओलं फडकं सारलं आणि सकाळपासून आत एकटा काम करत बसला. दुपारी सुतार जेवायला बोलवायला गेला तर हा जमिनीवर. तोंड लालभडक, छातीत धडधड, उलटीवर उलटी.

सुताराने रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. अंगाला, कपड्यांना, केसांना स्पिरिटाचा वास. तिथल्या डॉक्टरने लांबूनच नाक मुरडलं, सलाईन लावलं आणि नर्सला म्हणाला, झोपू दे, उतरेल. तपासलं काय? डोंबल. मी आणि भावजय पोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. बायकोला बघितल्याबरोबर त्याने तिचा हात धरला.

"तुझ्या गळ्याशपथ सांगतो, मी थेंब घेतला नाही."

भावजयीने हात सोडवून घेतला. मग तो माझ्याकडे वळला, मग सुताराकडे. सुतार खिडकीबाहेर बघत राहिला. मी मात्र ऐकत होते. आवाज चढलेला नव्हता. भाऊ चिडत नव्हता, गयावया करत होता. खोटं बोलताना गयावया करणारा हा माणूसच नव्हे. मी तिथेच म्हटलं की हा प्यायलेला नाही. डॉक्टर माझ्याकडे बघून असा हसला की वाटलं, याचं वीजबिल एकदा माझ्या खिडकीवर यावं.

पण माझं ऐकतो कोण? बहीणच ती, भावाची बाजू घेणारच. ठेकेदाराने दुसऱ्या दिवसापासून येऊ नको सांगितलं. सुतार परत जुन्या रस्त्याने घरी जायला लागला. मास्तर घरी आले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला समजावत बसले. घसरणं हा गुन्हा नाही, म्हणाले, नाकारणं हाच खरा रोग. मी दहा वेळा नाकारलं आणि दहा वेळा बुडालो. मीटिंगमध्ये उभा राहा, कबूल कर, मोकळा हो. भावजय दारात उभी राहून ऐकत होती. तीही म्हणाली, करा ना कबूल, मी काही सोडून जात नाही.

चारी बाजूंनी चांगली माणसंच चांगुलपणाने दाबायला लागली की माणूस काय करणार? भाऊ मीटिंगमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, मी प्यायलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी मिठी मारली. तिथून तो सरळ माझ्याकडे आला. पायरीवर बसला.

"ताई, मला आठवत नाही गं कधी प्यायलो. पण सगळेच म्हणतायत. मला वेड तर लागत नाहीये ना?"

माझं डोकं फिरलं. दारूने केलं नव्हतं ते या लोकांनी केलं होतं. माझ्या भावाचा स्वतःच्या डोक्यावरचा विश्वास उडवला होता. मी त्याला म्हटलं, ऊठ. उद्या रजा टाकते, मॅडमकडे जाऊ. भावजयही बरोबर आली. तिला यायला नको म्हणण्याचं काही कारणच नव्हतं.

मॅडमनी त्याला प्यायलात का, हे विचारलंच नाही. काय काय झालं ते विचारलं. तोंड कधी लाल झालं, आधी धडधड की आधी उलटी, खोली केवढी, वारा येत होता का. याआधी असं कधी झालं होतं का? भाऊ म्हणाला, गेलं वर्ष-दीड वर्ष काम करताना अधूनमधून चेहरा तापतो, डोकं धरतं, ऊन बाधत असेल म्हणून सोडून दिलं. मॅडमनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

त्या म्हणाल्या, "ती गोळी घेताय का तुम्ही?"

ती गोळी म्हणजे दारू सोडवणारी. ती घेतलेली असताना दारू पोटात गेली की माणसाचे असेच हाल होतात. म्हणजे भीतीने तरी हात लावू नये. सुरुवातीलाच मॅडमनी त्याला तिच्याबद्दल सांगितलं होतं आणि तो नको म्हणाला होता. मला माझ्या जोरावर सोडायची आहे, असं त्याचं म्हणणं होतं. मॅडमनाही ते पटलं होतं, कारण त्याचं काम स्पिरिटाचं. अंगात गोळी असली तर बंद खोलीत नुसता वास नाकातोंडातून आत गेला तरी त्रास होऊ शकतो, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. पण ते बोलणं त्या दोघांत झालं होतं. तिसऱ्या कुणाला त्याने ते सांगितलं नव्हतं.

भाऊ म्हणाला, नाही घेत. मॅडमनी मग भावजयीकडे पाहिलं. मीही पाहिलं. ती मांडीवरच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती.

"सकाळच्या चहात घालते," ती म्हणाली. "कुटून."

कडू लागतो म्हणून तो कुरकुरायचा आणि ती साखर वाढवायची. मॅडमनी विचारलं, दिली कुणी? डॉक्टरच्या देखरेखीशिवाय ही गोळी द्यायचीच नसते. भावजयीने मास्तरांचं नाव घेतलं. मास्तरांनीच आणून दिली होती. त्यांच्या बायकोने एके काळी त्यांना अशीच जेवणातून घातली होती म्हणे, आणि ते वाचले होते. रोज फोनवर भावाला 'तुझ्यात ताकद आहे' असं सांगणारा माणूस त्याच्या पाठीमागे घरी पुड्या पोचवत होता. मी नंतर दुकानात जाऊन त्यांना बोलायचं ते बोलले. चारचौघांत बोलले. म्हातारा गळ्यात टेप अडकवून नुसता उभा राहिला. मी भलंच केलं, एवढंच म्हणत राहिला.

पण मॅडमच्या खोलीत भाऊ मास्तरांबद्दल अक्षर बोलला नाही. तो बायकोकडेच बघत होता.

"दवाखान्यात मी तुझ्या गळ्याशपथ सांगत होतो," तो म्हणाला.

"मला वाटलं, गोळी कशी खोटं बोलेल?"

"आणि मी?"

"तुम्ही आधीही घ्यायचात की शपथ," ती म्हणाली, आणि मग रडायला लागली.

खरं होतं ते. म्हणूनच ते इतकं लागलं. वासावरून गोळी उलटते, हे तिला बिचारीला माहीत नव्हतं. माणूस लाल झाला, ओकला, म्हणजे प्यायला, एवढंच तिला शिकवलेलं. मला तिची दया येते. रागही येतो, आणि राग जास्त येतो.

पुढे सगळं रीतसर झालं. सुतार माझ्याकडे येऊन मान खाली घालून बसला. ठेकेदाराला त्याने खरं काय ते सांगितलं, पण तिथे दुसरा पॉलिशवाला लागला होता. भाऊ मीटिंगला एकदाच गेला. उभा राहून म्हणाला, मी या वर्गात एकदाच खोटं बोललो, त्या दिवशी तुम्ही टाळ्या वाजवल्या. मग परत गेला नाही. मॅडमकडे जातो. दारू प्यायलेला नाही, अजूनही. पण दीड वर्ष कुणी सोडली होती, मी की गोळीने, हे आता मला कधीच कळणार नाही, असं तो म्हणतो.

परवा रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते. भावजयीने चहा आणला. त्याने आपला कप उचलला आणि तिच्यापुढे धरला. म्हणाला, आधी तू. तिने घोट घेतला आणि कप परत दिला. दोघांच्या ते इतकं अंगवळणी पडलेलं होतं की माझ्याच्याने बघवेना. मी म्हटलं, अरे बास कर आता, घरात एकमेकांशी असं वागतात का?

"ताई, सोडल्यापासून रोज संध्याकाळी मी दारातच हिच्यापुढे तोंड उघडायचो," तो म्हणाला. "हुंग, म्हणायचो. हिने कधी मागितलं नव्हतं, मीच. पोरीच्या देखत. ही रोज हुंगायची, हसायची, मला आत घ्यायची. आणि सकाळी उठून गोळी कुटायची."

भावजय खाली बघत होती. त्याने कप ओठाजवळ नेला, थांबला, आणि परत तिच्याकडे सरकवला.

"अजून एक," म्हणाला.