गळ्याची मालकीण

"गातेयस, की नुसते ओठ हलवतेयस?"

आमच्या सीनिअर्स होममध्ये वाढदिवसाचं गाणं सुरू झालं, की तिथे राहणाऱ्या एक कॅनेडियन बाई शेजारचीला हे विचारायच्याच. होम लंडनमधलं, कॅनडातल्या ऑन्टारिओतलं लंडन, राणीचं नव्हे. मी कोल्हापूरहून इथल्या कॉलेजात आलेली, होममध्ये पार्ट-टाइम शिफ्ट करायची. बाईंना सकाळी चहा आणि गोळ्या द्यायचं काम माझं.

गोळी घेण्याआधी त्या विचारायच्या, "ती आहे अजून?"

मी फोनवर बघायची. "आहे."

"मग आण ती गोळी इकडे."

'ती' म्हणजे हॉलिवूडची एक जुनी नटी. बाई तरुणपणी इथून कॅलिफोर्नियाला गेल्या, तेव्हा तिथे एका संगीतमय प्रेमपटाचं काम चाललं होतं. नायिका देखणी, पण गळा नाही. तिची सगळी गाणी बाईंनी गायली. मग सेटवर त्या गाण्यांची रेकॉर्ड लावत आणि नटीने ओठ हलवायचे. तेही जमेना, म्हणून बाईंना कॅमेऱ्यामागे उभं करत. बाईंनी तोंड उघडलं की ती उघडायची. सिनेमा धो धो चालला. तुम्हीही पाहिला असेल. पण पडद्यावरच्या नामावलीत बाईंचं नाव नव्हतं, आणि कुठे बोलायचंही नाही अशी ताकीद होती.

"तेही सोसलं असतं," बाई म्हणायच्या. "पण ती मुलाखतीत म्हणाली, सगळी गाणी मीच गायली. त्या दिवशी ठरवलं, हिच्याआधी मरायचं नाही."

त्यांच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता. मॅनेजर तर लहान मुलाशी बोलावं तसा "हो हो" म्हणायचा.

मी एकदा सांगितलं, "आमच्याकडे पडद्यावर कोणीही असो, गाणारीचं नाव घराघरात ठाऊक असतं. रेडिओवर गाण्याआधी तिचं नाव सांगतात."

बाईंनी कप खाली ठेवला. "आणि नटीला राग नाही येत?"

"कशाला येईल?"

"मी चुकीच्या देशात जन्मले बघ," त्या म्हणाल्या, आणि खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत राहिल्या.

फेब्रुवारीत एका सकाळी मी फोन बघितला आणि म्हटलं, "गेली."

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं, रडतील. "आइस्क्रीम आण," त्या म्हणाल्या. बाहेर उणे वीस. मोठा वाडगाभर खाल्लं त्यांनी, चमचा चाटून पुसून.

शनिवारी मॅनेजरने श्रद्धांजली म्हणून लाउंजमध्ये तोच सिनेमा लावला. बाई लाल जॅकेट घालून, लिपस्टिक लावून पहिल्या रांगेत बसल्या. ते प्रसिद्ध गाणं सुरू झालं मात्र, त्यांनी रिमोट उचलून आवाज बंद केला.

"माझं होतं ते मी काढून घेतलं. आता गा म्हणावं!"

पडद्यावर नटी चांदण्यात तोंड उघडत होती, मिटत होती. माशासारखी. कोणीतरी हसलं. मागून एक आजोबा काकुळतीने म्हणाले, "एवढं एक ऐकू द्या हो. माझ्या बायकोचं आवडतं होतं." बाईंनी मान वळवली नाही. गाणं संपेपर्यंत रिमोट मांडीखाली होता. मॅनेजरने मला खूण केली. मी दुसरीकडे बघितलं.

खोलीत नेताना मी विचारलं, "समाधान झालं?"

"झालं." त्यांनी गळ्यावरच्या ऑपरेशनच्या व्रणावर बोट ठेवलं. "पण माझा गाता आवाज आता त्या सिनेमातच उरलाय गं."

त्यानंतर सकाळी त्या काही विचारेनात. गोळी पुढे केली की भिंतीकडे तोंड करायच्या. बर्फ वितळायच्या आत बाई गेल्या.

त्यांच्या स्मरणार्थ लाउंजमध्ये सगळ्यांना चहाला बोलावलं होतं. मी बसमधून उतरून थेट आत आले, तर टीव्हीवर तेच गाणं, आणि पडदाभर तिचाच चेहरा. "बाईंचा आवडता सिनेमा ना!" मॅनेजर म्हणाला. लोक तिच्याकडे प्रेमाने बघत होते. बाईंच्या दिवशीसुद्धा!

मी अंगातला पार्का, बर्फातला जाड कोट, काढला आणि टीव्हीवर टाकला. चेहरा झाकला गेला. गाणं चालू राहिलं.

"हे काय चालवलंयस?" मॅनेजर म्हणाला.

"ऐका," मी म्हटलं. "बाई गातायत."

कोणी हललं नाही. गाणं संपल्यावर त्या आजोबांनी डोळे पुसले आणि विचारलं, "पूर्ण नाव काय होतं त्यांचं?"

मी सांगितलं. त्यांना कमी ऐकू यायचं. म्हणून परत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.