दक्षिणेकडचं दार

आर्किटेक्ट म्हटलं की आपल्या लोकांना पहिला प्रश्न दिशेचा सुचतो. मी अमेरिकेच्या दक्षिण भागात, कॅरीत राहायला आले तेव्हा मराठी मंडळाच्या पिकनिकला ओळख झाली रे झाली की कुणीतरी मला बाजूला घ्यायचं. "ताई, बेड कुठल्या वॉलला लावू? नॉर्थला डोकं नको म्हणतात." मी म्हणायचे, खिडकीकडे डोकं करा, हवा लागेल. त्यावर लोक असे बघायचे, जसं काही डॉक्टरनं औषध न देताच परत पाठवलंय. मी पडायला आलेल्या इमारती दुरुस्त करते, जुनी चर्च, शाळा, गिरण्या. वास्तुशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही आणि कळून घ्यायचीही इच्छा नाही. हे मी कितीदा सांगितलं, पण लोकांना तो विनय वाटायचा.

मग मंडळानं सभागृहासाठी एक जुनी शाळा घेतली आणि काकांचा फोन आला. काका म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, पुण्याचे, निवृत्त, मनानं चांगले आणि हट्टानं त्याहून पक्के. "आपलाच माणूस असताना बाहेरचा कशाला?" म्हणाले. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत मला कुणी तिथं आपलं माणूस म्हटलं नव्हतं.

शाळा गावाबाहेर, मोठ्या रस्त्याला लागून होती. विटांची, एकमजली, उंच खिडक्यांची. ज्या काळात कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पाऊल टाकता येत नव्हतं, त्या काळात त्या वस्तीनं ती स्वतःसाठी बांधून घेतली होती. पुढं शाळा बंद पडली, तरुण माणसं शहराकडे गेली, छप्पर गळायला लागलं. शेवटी त्यांच्या चर्चच्या मंडळींनी ती आमच्या मंडळाला दिली, कुणीतरी वापरेल तरी म्हणून. मला इमारत दाखवायला त्यांच्यातल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. नव्वदीच्या घरातल्या. आधी या शाळेत शिकल्या आणि नंतर इथंच शिकवलं. आपण शाळेतल्या बाईंना बाई म्हणतो, तशी मीही मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणू लागले.

बाईंच्या हातात किल्ली होती, मागचं दार जवळ होतं, तरी त्या काठी टेकत इमारतीला वळसा घालून पुढच्या पायऱ्यांशी गेल्या. दार पाहून मी थांबलेच. एवढ्याशा शाळेला एवढं मोठं दार! दोन झडपांचं, वर विटांची कमान, दोन्ही बाजूंना बसायला कट्टे. माझ्या धंद्यातलं कुणीही म्हणेल, नाकापेक्षा मोती जड. मी तसं म्हटलंही, अर्थात जरा सभ्य शब्दांत.

"कागदावर हे दार आधी काढलं," बाई म्हणाल्या. "शाळा नंतर."

ज्यांनी काढलं त्यांना बाई प्रोफेसर म्हणत. बाईंचे वडील त्यांचे विद्यार्थी. पुढचे कित्येक महिने बाई मला त्या माणसाबद्दल सांगत राहिल्या. राहिलेलं मी त्यांनी बांधलेली चर्च आणि शाळा हिंडून समजून घेतलं. गुलामीत जन्मलेल्या आईबापांचा मुलगा. सुतारकाम करत करत उत्तरेला गेला, तिथं आर्किटेक्चर शिकला. तिकडं राहिला असता तर नाव झालं असतं. पण परत आला आणि कृष्णवर्णीयांच्या एका कॉलेजात शिकवायला लागला. वर्ग कमी पडत होते, म्हणून विद्यार्थ्यांना घेऊन माती खणली, विटा पाडल्या, भाजल्या आणि वर्ग बांधले. ज्या चार भिंतींत बसून पोरं शिकली, त्या त्यांनीच उभ्या केलेल्या. सुट्टीत प्रोफेसर खेडोपाडी फिरून शाळांचे, चर्चचे नकाशे काढून देत. आर्किटेक्ट म्हणून परवाना मात्र वर्षानुवर्षं मिळाला नाही. नकाशा यांचा, खाली सही कुणा गोऱ्याची. गावात मुख्य रस्त्यावर एका व्यापाऱ्याचं घर त्यांनी असंच उभं केलं होतं. काम चालू असताना ते पुढच्या दारातून ये-जा करत. घर पूर्ण झालं, पडदे लागले, आणि मग काही विचारायला गेले की मागच्या दाराशी उभं राहावं लागे.

त्यांची शिकवायची एक रीत होती. कोऱ्या कागदावर पहिली रेघ दाराची. मग ते विचारत, "या दारातून कोण येणार आहे?" विद्यार्थ्याला सांगता आलं नाही तर कागद बाजूला. बाईंच्या वडिलांचे कितीतरी कागद असे बाजूला पडले म्हणे. या शाळेचा नकाशा काढताना प्रोफेसरांनी दार मोठ्या रस्त्याकडे केलं. गावातल्या प्रत्येक दुकानात, दवाखान्यात, स्टेशनवर ज्यांना मागून किंवा बाजूनं जावं लागायचं, त्यांची मुलं इथं पुढच्या दारानं आत जाताना येणाऱ्याजाणाऱ्याला दिसली पाहिजेत. बाई लहानपणी ओळीनं त्या पायऱ्या चढल्या होत्या. प्रोफेसर तेव्हा म्हातारे झाले होते. अधूनमधून येऊन कट्ट्यावर बसत आणि मुलांना आत जाताना बघत.

मी भारावून नकाशे काढले आणि मंडळाच्या बैठकीत टेबलावर पसरले. काकांनी चष्मा लावला, कागद एकदा असा, एकदा तसा फिरवला.

"मेन एन्ट्रन्स साउथला आहे."

"हो. रस्ता तिकडे आहे."

"अगं, दक्षिण म्हणजे यमाची दिशा. उद्या इथं मुंजी होतील, बारशी होतील. ते दार बंद करून टाकू. चांगली भिंत घालून घे, स्टोरेजही मिळेल. पूर्वेला, मागच्या अंगाला छोटं दार आहेच, तेच मोठं करू. ईशान्येला पार्किंग, परफेक्ट!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सॉफ्टवेअरवाले, औषध कंपन्यांतले, दोन तर पीएच.डी. झालेले. मला बाई दिसायला लागल्या. त्या अजून अधूनमधून तिथं जाऊन कट्ट्यावर बसत. मी भिंत घालणार, आणि त्यांना मीच सांगणार, की आता मागून या.

मी प्रोफेसरांबद्दल सांगितलं. "व्हेरी इन्स्पायरिंग," कुणीतरी म्हणालं, "आपण एक फोटो लावू त्यांचा." मग मी जे कॅरीत कधीच कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. माझे आजोबा नागपुरात बांधकामावर विटा वाहायचे. एका घराच्या वास्तुशांतीला मालकानं कामावरच्या सगळ्यांना जेवायला बोलावलं. आजोबा धुतलेलं धोतर नेसून गेले. पुढच्या दाराशी त्यांना कुणीतरी म्हणालं, तू मागून ये. त्या दाराची चौकट बसवताना आजोबांनी तिला खांदा दिला होता. ते मागच्या अंगणापर्यंत गेले, पान मांडलेलं बघितलं आणि न जेवता घरी आले. मी आर्किटेक्चरला प्रवेश घेतला त्या दिवशी वडिलांनी मला हे सांगितलं. पुढं म्हणाले, "आता दार कुठं ठेवायचं ते आपण ठरवू."

मग एक तरुण मुलगा हळूच म्हणाला, "सॉरी ताई, पण हे इथे रिलेव्हंट आहे का यार?" काका घसा खाकरत म्हणाले, "जातपात आपण इथं मानत नाही. ते सगळं तिकडे सोडून आलो."

"आणि दिशा?" मी म्हटलं. "त्या बॅगेत भरून आणल्या?"

माझा आवाज चढला होता. कुणी माझ्याकडे बघेना. माझं म्हणणं बुडालं, हे मला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात काकांच्या पत्नी, आमच्या काकू, चहाचे कप घेऊन आत आल्या. त्या समितीत नव्हत्या, पण कान सगळीकडे असायचे.

"अहो," त्या काकांना म्हणाल्या, "तुमच्या गल्लीतला मारुती दक्षिणमुखीच होता ना? लग्नानंतर दर शनिवारी मला तेल घेऊन तिथं उभं केलंत. त्याच्यापुढं कुणी भिंत घातली होती का?"

एक हसला, मग सगळेच हसले. दक्षिणमुखी मारुती तर जास्त जागृत, असं कुणीतरी म्हणालं. दाराच्या आत मारुतीची तसबीर लावली तर दोष राहत नाही, असं दुसऱ्यानं शोधून काढलं. काकाही हसले, कारण बायकोपुढं त्यांचं काही चालत नसे. ठरलं. दक्षिणेचं दार राहील, पूर्वेचंही मोठं होईल, आणि तोरण पूर्वेच्या दाराला लागेल.

मला आनंद व्हायला हवा होता. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले, रागानं. जे प्रोफेसरांच्या सगळ्या आयुष्यानं झालं नाही, माझ्या आजोबांच्या अपमानानं झालं नाही, ते मारुतीनं एका वाक्यात केलं. आम्ही बौद्ध, आम्हाला देव मानायचा नाही, म्हणून त्याचे आभारही मानता येईनात! काकूंचे मात्र मानले. त्यांनी माझा दंड दाबला आणि म्हणाल्या, "काही लोकांना आपल्या गल्लीतलंच उदाहरण लागतं गं."

उद्घाटनाला बाई आल्या. निळा कोट, डोक्यावर हॅट, जसं काही रविवारच्या चर्चला निघाल्यात. मी दोन्ही झडपा उघडून ठेवल्या होत्या. माझ्या हाताला धरून त्या एकेक पायरी चढल्या, कमानीखाली उभ्या राहून वर बघितलं, आणि आत शिरल्या. आत सभागृह गच्च भरलं होतं. पैठण्या, अत्तर, पोरांची धावपळ. तोरणाखालून, पूर्वेच्या दारानं, अजूनही माणसं येतच होती. आमच्यामागून, पुढच्या दारानं, कुणीही आलं नाही.

बाईंच्या ते लक्षात आलं. चाळीस वर्षं वर्गावर नजर ठेवलेली बाई ती. "तुमची सगळी माणसं बाजूनं का येताहेत?" त्यांनी विचारलं. त्या वयाच्या माणसाशी खोटं बोलणं मला जमलं नाही. "ते साउथला घाबरतात," मी म्हणाले, आणि बोलून गेल्यावर मला कळलं की मी कुणापुढं काय बोलले. त्यांच्यासाठी साउथ ही होकायंत्रावरची दिशा नव्हती, तो अमेरिकेचा दक्षिण भाग होता, गुलामीचा आणि मागच्या दारांचा. त्या तिथंच जन्मल्या, तिथंच आयुष्यभर राहिल्या.

बाई हसल्या नाहीत. "आम्हीही घाबरायचो," त्या म्हणाल्या. "प्रोफेसरसुद्धा घाबरायचे. म्हणून तर त्यांनी दार तिकडं केलं."

काका पेढ्यांचा डबा घेऊन शेजारीच उभे होते. "काय म्हणाल्या गं?" त्यांनी मराठीत विचारलं. त्यांना ऐकू गेलं होतं, तरीही विचारलं. मी मराठीत सांगितलं. काकांनी बाईंच्या हातावर पेढा ठेवला.

निघताना बाईंना गाडीपर्यंत सोडायला तेच गेले. पुढच्या दारापाशी आल्यावर थबकले, बाई पुढं झाल्या तसे त्यांच्या मागोमाग उंबरा ओलांडून पायऱ्या उतरले. गाडी रस्त्याला लागेपर्यंत हात हलवत उभे राहिले. परत येताना मात्र ते इमारतीला वळसा घालून पूर्वेच्या दारानं आले.