सव्वाचार किलोचं उपाशी लेकरू

काट्यावर सव्वाचार किलो आले. बाळाची आजी, गयाबाई, दारातूनच टाळ्या वाजवायला लागली.

"पैलवान हाय पैलवान! आमच्या कंधारात असलं लेकरू झालं नसंल."

डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "मावशी, शुगरच्या आईचं बाळ आहे. तासाच्या आत अंगावर लागलं पाहिजे. लागलं की सिस्टरला टाइम सांगा. त्यानंतर अर्ध्या तासानं टाच टोचायची."

टाच टोचायची म्हणजे बाळाच्या टाचेतून रक्ताचा एक थेंब काढून मशीनवर शुगर बघायची. नांदेडच्या त्या प्रसूतीच्या दवाखान्यात मी सव्वीस वर्षं मावशी होते. पुसणं, धुणं, बाळ आईजवळ नेणं, ते प्यायला लागेपर्यंत उभं राहणं, ही माझी कामं. शाळा चौथीपर्यंत. मशीनवरचा आकडा वाचता येतो, तेवढी शाळा मला पुरली.

शीतलला, म्हणजे बाळाच्या आईला, सातव्या महिन्यात शुगर निघाली होती. पोटुशी असताना काही बायकांना ती होते. पथ्य सांगितलं होतं. पण गयाबाईचं म्हणणं, दोन जिवांची बाई, खाऊ द्या. डोहाळजेवणाचे लाडू महिनाभर पुरले. बाळ मोठं झालं, म्हणून सीझर करावं लागलं.

सीझरची बाई कमरेखाली बधिर असते, पण शुद्धीवर असते. कुणी बाळ धरलं तर पाजू शकते. मी बाळ शीतलच्या कुशीत दिलं, गयाबाईला कसं धरायचं ते दाखवलं. तेवढ्यात लेबर रूममधून हाक आली. दुसऱ्या बाईच्या कळा वाढल्या होत्या. मी गेले.

वीसेक मिनिटांनी दारातून डोकावून विचारलं, "गयाबाई, पाजलं का?"

"हाव हाव, पाजलं की."

मी सिस्टरला सांगितलं, पाजलं. सिस्टरनं कागदावर टाइम लिहिला. त्या कागदावर माझाच शब्द होता, आणि तो शब्द मी डोळ्यांनी बघितलेला नव्हता.

लेबर रूममधलं काम लांबलं. सिस्टरही तिथंच अडकली, टाच टोचायची राहिली. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. दुपारी दुपटं बदलायला गेले तर बाळ नको इतकं शांत. पाय गार. हात बारीक थरथरत होते. गालाला बोट लावलं की तान्हं लेकरू तोंड वळवतं, शोधतं. यानं वळवलं नाही.

शेजारच्या टेबलावर मधाची बाटली होती. सील न फोडलेली. बशीत सोन्याची अंगठी.

"हे काय गयाबाई?"

"आत्याबाई, म्हंजे माझ्या नणंद, येऊन राहिल्यात लातूरहून. आमच्यात आत्यानं अंगठीनं मध चाटवल्याबिगर लेकराला अंगावर घेत न्हाईत. आमदपूर सोडलंय म्हणल्या फोनवर. आता येतीलच."

"मग पाजलं म्हणून काहून सांगितलं?"

"तुम्ही वरडला असता म्हणून."

शीतल सासूला मामी म्हणायची. खाटेवरून हळूच म्हणाली, "मामी म्हणल्या, थोडं थांब. मी थांबले."

मी बाळ उचललं आणि ओरडले, "सिस्टर, मशीन घ्या!"

टाच टोचली. आकडा आला अठ्ठावीस. चाळिसाच्या खाली म्हणजे धोका. मॅडमना फोन गेला. दोन मिनिटांत बाळ काचेच्या खोलीत, हातात सलाईनची सुई. मोठ्या बाळाची शीर सापडत नाही, तिसऱ्यांदा सापडली. टोचताना ते रडलं नाही. तेच वाईट वाटलं. रडणारं लेकरू बरं.

गयाबाई काचेला चिकटून उभी.

"आवो, शुगर कमी झाली म्हणता, तर मध का देत न्हाई? मध गोडच हाय की!"

मॅडम आतूनच बोलल्या, "मधानं वर्षाच्या आतल्या बाळाला विषबाधा होऊ शकते. मध नाही म्हणजे नाही. मावशी, आईकडे जा. चीक काढून आणा."

चीक म्हणजे पहिलं पिवळं घट्ट दूध. मी वाटी उकळून घेतली आणि शीतलजवळ बसले. गयाबाई मागे आलीच.

"पर तिला तर शुगर जास्त हाय. मग लेकराची कमी कशी झाली? आन् त्या दुखण्याचं दूध त्याला द्यायचं?"

हा प्रश्न मलाही पहिल्या वर्षी पडला होता. मी हात न थांबवता सांगितलं.

"तुमच्या घरी टाकी आहे ना? समजा नळाला पाणी धो धो येतंय. टाकी भरून वाहू नये म्हणून तुम्ही उपसायला मोठी मोटार लावली. आईची साखर नाळेतून बाळाला धो धो मिळत होती. ती संपवायला बाळाच्या अंगानं मोठी मोटार बसवली. त्यातच ते असं फुगलं. मग नाळ कापली. नळ बंद झाला. मोटार चालूच राहिली. टाकी कोरडी."

गयाबाई खाली बसली.

"म्हंजे ते गुटगुटीत न्हवतं?"

"गुटगुटीत होतं आणि उपाशीही होतं. दूध वाईट नाही. दूधच पाहिजे होतं."

तिनं पदर तोंडाला लावला. मी तिची समजूत घातली नाही. वाटीत दोन चमचे चीक निघाला होता, तो घेऊन पळाले.

सलाईननं आकडा वर आला होता. मॅडमनी चमच्याच्या टोकानं चीक ओठाला लावला. बाळानं जीभ बाहेर काढली. मग गिळलं. मग रडलं, इतक्या जोरात की लेबर रूममधल्या बाईनं विचारलं, कोणाचं झालं?

त्याच वेळी आत्या आली. विमलबाई. खांद्यावर पिशवी, एसटीची धूळ तोंडावर. काचेतून लेकरू बघितलं, सुई बघितली, वहिनीला म्हणाली, "काय झालं ओ वैनी?"

गयाबाईनं सगळं सांगितलं. खोटं बोलली नाही, तेवढं मान्य करते.

विमलबाईनं पिशवी खाली टाकली. "माझ्यासाठी लेकरू उपाशी ठिवलं? वैनी, मी अंगणवाडीवाली हाय! आख्ख्या लातुरात दारोदार सांगत फिरते, बाळंतीण झाली की लगेच पाजा, मध चाटवू नका. तोंडाला फेस येतो सांगून सांगून. आन् माझ्याच घरात हे? माझ्याच नावानं?"

"तुमचा मान..." गयाबाई म्हणाली.

"मान चुलीत घाला! फोनवर एक शब्द सांगितला असता तर आमदपुरातून वरडले असते."

मग ती आत गेली, हात धुतले आणि पुढचा चमचा तिनं दिला. मान म्हणून नाही. मॅडमना दुसरीकडे जायचं होतं आणि मी दमले होते म्हणून.

संध्याकाळी टाच टोचली, आकडा चांगला. दुसऱ्या दिवशी तीनदा चांगला. सलाईन निघालं, बाळ आईजवळ गेलं. मी मॅडमकडे जाऊन सांगितलं, "न बघता सांगितलं, चूक माझी." सिस्टर म्हणाली, "टाइमवर टोचलं नाही, माझीही." मॅडम म्हणाल्या, "दोघीही लक्षात ठेवा." तेवढंच.

घरी सोडताना मॅडमनी शीतलला बसवून समजावलं. अशी मुलं पुढं लवकर लठ्ठ होऊ शकतात, मोठेपणी शुगर होऊ शकते. होतेच असं नाही. अंगावर भरपूर पाज, पोट भरलं की कोंबू नको, बिस्किटांची सवय लावू नको, खेळू दे. आणि तुझी स्वतःची शुगर दीड महिन्यानं तपास, मग दरवर्षी. गयाबाई ऐकत होती.

पाच वर्षांनी शीतल दुसऱ्या खेपेला आली. सोबत तो पैलवान. जिन्यावरून चारदा वरखाली पळाला. मॅडमनी त्याला काट्यावर उभं केलं, उंची मोजली, तक्ता बघितला. "अगदी बरोबर आहे." माझ्या छातीवरचा पाच वर्षांचा दगड उतरला.

गयाबाईची कुरकूर होतीच. "बरगड्या दिसायल्यात ओ. ह्या पोरीनं बिस्कुटाचा पुडा घरात येऊ दिला न्हाई."

या खेपेला शुगर सुरुवातीलाच बघितली होती. पुन्हा निघाली. इंजेक्शनं घेतली, पथ्य केलं, लाडू झाले नाहीत. मुलगी झाली, तीन किलोची. टेबलावर बाटली नव्हती, अंगठी नव्हती. मी बाळ कुशीत दिलं. गयाबाईनं शीतलचा खांदा सावरून धरला.

"पिऊन राहिली बघा मावशी. ल्हिवा टाइम."

"थांबा," मी म्हणाले. स्टूल ओढून बसले. बाळाचा घसा हलताना दिसला, एकदा, दोनदा, पाच वेळा. मग सिस्टरला हाक मारली.

विचारून कळत नाही. बसून बघावं लागतं.